ड्रायव्हरची बायको

कापसाच्या ट्रकमध्ये गाठी भरतात, सरकी भरतात, लगीनसराईत वऱ्हाडही भरतात. पण त्या दिवशी पहाटे दिग्रसच्या जिनिंगच्या फाटकापाशी त्यात जे भरलं जात होतं, त्याला काय म्हणावं ते लालीबाईला कळेना. पंचवीसेक पोरं. गळ्यात रुमाल, केसांना चपचपीत तेल. एकाच्या हातात झेंडा, एकाच्या कमरेला ताशा. एकानं तर रॉकेलचा रिकामा डबाच आणला होता वाजवायला.

ती केबिनमध्ये बसली होती. मांडीवर आठ महिन्यांची मोती, आणि स्टिअरिंगमागे नवरा. धावजी त्या ट्रकचा ड्रायव्हर.

"हे सारे चालले कुठी?" तिनं विचारलं. दोघंच असली की ती गोरबोलीत बोलत, लमाण तांड्याच्या बोलीत; इथं ते वऱ्हाडीतच सांगितलंय. बाहेरचं माणूस आलं की वऱ्हाडीवर येत.

"यवतमाळले. हॉकी पाह्याले."

"हे खेळनार?"

"नाई. खेळनारे कालच एष्टीनं गेले."

"मंग हे काय करतीन?"

"हे ओरडतीन. जीतेगा भाई जीतेगा."

"यायच्या ओरडन्यानं जिंकते?"

"मले काय विचारतं? माह्या कामात ओरडनं नाई येत," धावजी म्हणाला आणि त्यानं गाडी सुरू केली. मागच्या पंचवीस नरड्यांतून अशी आरोळी उठली, की जणू इंजिन त्यांनीच सुरू केलं.

मोती दचकली. लालीबाईनं ओढणीचा पदर तिच्या कानावर घेतला आणि मनातल्या मनात पहिली शिवी दिली. पुढे दिवसभर तिनं इतक्या दिल्या, की त्यांचा हिशेब तिनंच ठेवला नाही.

ट्रक जिनिंगवाल्या शेठचा. शेठचा मुलगा मगन पुसदच्या कॉलेजात शिकत होता. शिकत होता म्हणजे तिथं जात होता. त्यानं बापाकडून ट्रक मागून घेतला होता. यवतमाळच्या कॉलेजाशी पुसदच्या कॉलेजाचा सामना, म्हणून आपली माणसं पाठीशी हवीत, असं त्याचं म्हणणं. पाठीशी म्हणजे किती पाठीशी, ते लालीबाईला त्याच दिवशी दिसायचं होतं.

तिचं यायचं कारण वेगळं होतं. पुसदच्या त्या अकरांत तिचा धाकटा भाऊ होता, उत्तमसिंग. आई रानात जायची तेव्हा लालीनंच त्याला कडेवर घेऊन तांडाभर फिरवला, त्याचं नाक पुसलं, त्याच्यासाठी दुसऱ्यांच्या पोरांशी भांडली. तो शिकायला गेला तेव्हा सगळ्यात जास्त नाचली तीच. आणि कॉलेजात गेल्यावर तो जो गेला, तो गेलाच. मोती झाली, आला नाही. सणाला आला नाही. पुसद-दिग्रस एष्टी रोज धावत होती, तिच्यात उत्तमसिंगसाठी जागा नव्हती असं काही नव्हतं. तिला त्याच्याकडून काही नको होतं. त्यानं चार माणसांदेखत 'ही माझी बहीण' म्हणावं आणि भाचीला एकदा मांडीवर घ्यावं. बस्स. एवढ्यासाठी ती पहाटे उठून, पोरीला छातीशी धरून, रुईच्या तंतूंनी भरलेल्या ट्रकमध्ये बसली होती.

आठ दिवसांपूर्वी तो घरी न येता दिग्रसच्या स्टँडवरच धावजीला भेटला होता. "बाईला आणा खुशाल," म्हणाला होता. तांड्यात मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. "पण भाऊजी, तिला दोन गोष्टी सांगा. आपला लमाणी पेहराव नको, साधं पातळ नेसून यायचं. आणि तिथं गळ्यात पडून रडायचं नाही. लोक असतात."

धावजीनं निरोप शब्दाला शब्द पोचवला होता. लालीबाईनं ऐकून घेतलं आणि निघायच्या दिवशी पेटीतला सगळ्यात भारी घागरा, आरशांचा फेटिया, काढला. कांचळी, ओढणी, दंडापर्यंत बलियांच्या पांढऱ्या बांगड्या, केसांत चांदीच्या घुगऱ्या. धावजी म्हणाला, "तो काय म्हनीन?"

"म्हनू दे. नागडी तं नाई ना चालली?"

पण दुसरी गोष्ट तिला खरी लागली होती. रडायचं नाही? तांड्यातल्या बायका आपल्या माणसाला खूप दिवसांनी भेटल्या, की त्याच्या गळ्यात हात टाकून सुरात रडतात. ते नुसतं रडणं नसतं. त्यात मधल्या दिवसांचं सगळं येतं, कोण मेलं, कोण जन्मलं, कोणी काय दुखवलं. शब्द ज्याचे त्याने जुळवायचे. रडणारी थांबेपर्यंत समोरच्यानं मान वर करायची नाही, आणि रडण्यातल्या शब्दाचा राग धरायचा नाही. न रडता भेटणं म्हणजे सोयरिक तुटल्यासारखं. आणि हा म्हणतो, लोक असतात! लोक तर सगळीकडेच असतात. लोकांपायी माणसं जेवायची थांबतात का?

"नाई रडनार," ती तेव्हा म्हणाली होती. "सांगा त्याले. माहे डोये एवढे सस्ते नाई."

दारव्ह्याला ट्रक थांबला. सपोर्टर लोकांना भजी हवी होती. (मगन त्यांना सपोर्टर म्हणत होता.) ते खाली उतरले तेव्हा लालीबाईला पहिल्यांदा मनापासून हसू आलं. गाडीतली रुई उडून सगळ्यांच्या तेलकट केसांना चिकटली होती. पंचवीस पोरं एका रात्रीत म्हातारी झाल्यासारखी दिसत होती. पण म्हाताऱ्याची अक्कल काही आली नव्हती. त्यांनी हॉटेलवाल्याची भजी संपवली, त्याच्या भज्यांना नावं ठेवली, त्याच्या बाकावर चढून घोषणा दिल्या आणि समोरून जाणाऱ्या एका गरीब सायकलवाल्याला विचारलं, "काय बे, यवतमाळचा का?" तो बाभुळगावचा निघाला. त्यालाही "हाय हाय" केलं.

एक मुतारीच्या भिंतीला टेकून दुसऱ्याला समजावत होता, "फुलबॅकनं पुढं नाई येवाले पाह्यजे." ऐकणाऱ्यानं मान डोलवली. दोघांच्याही हातांकडे पाहिलं तर वाटावं, यांनी हॉकीची काठी तर सोडाच, दातवणाची काडीही कधी स्वतः मोडली नसेल.

मगन केबिनच्या पायरीवर चढला. "काय धावजी, आमचा गोलकी पाह्यला का तू? भिंत हाय, भिंत! राठोड त्याचं नाव. आमच्या कॉलेजचा वाघ! माहा जिगरी."

लालीबाईनं तोंड उघडलं. धावजीनं गिअरच्या दांड्यावरून हात उचलून तिच्या गुडघ्यावर ठेवला.

"असं का," तो मगनला म्हणाला.

मगन गेल्यावर ती फणकारली. "सांगू काहून नाई देल्लं? माहा भाऊ हाय म्हनून!"

"तू कायले सांगतं? पाहू, तो काय सांगते."

धावजी कमी बोलायचा. पण कधी कधी त्याचं कमी बोलणं खड्ड्यात चाक गेल्यासारखं आदळायचं. पुढचा रस्ता तिनं मोतीला पाजलं, तिच्याशी बोलली. मोतीला दात येत होते. ती आईच्या हातातली बलिया दोन्ही हातांनी धरून हिरड्यांनी चावत होती आणि लाळेनं तिची हनुवटी चकचकीत झाली होती. "मामा पाह्यशीन माय आता," लालीबाई तिच्या केसांतला कापूस वेचत म्हणत होती. "मामा भिंत हाय म्हनते तुहा. टेकून बसशीन."

यवतमाळचं मैदान माणसांनी भरलं होतं. एका बाजूला तंबू, त्याखाली खुर्च्या, खुर्च्यांत प्रोफेसर लोक आणि त्यांच्या बायका. यवतमाळच्या पोरांचाही घोळका होता, त्यांच्याजवळही डबा होता. दोन्हीकडचे डबे एकमेकांकडे पाहून असे बडवले जाऊ लागले, की लालीबाईला वाटलं, हाच सामना असेल. धावजीनं ट्रक कडुलिंबाच्या सावलीत लावला. मागच्या दोन कड्यांना जास्तीची ओढणी बांधून तिनं मोतीची झोळी केली.

तंबूकडे निघालेला एक चष्मेवाला तिच्या कपड्यांचे आरसे पाहून थांबला. बरोबरच्याला म्हणाला, "पुसदवाल्यांनी नाचायलाही आणलं आहे वाटतं कुणी."

"तुमची बायको बसली दिसते तिथी, खुर्चीवर," लालीबाई म्हणाली. "तिले कोनी आनलं, इचारून या आधी."

चष्मेवाला चटकन पुढे सरकला.

तेवढ्यात मैदानाच्या त्या टोकाकडून आरोळी उठली. मगन आणि त्याची टोळी उत्तमसिंगला खांद्यावर घेऊन येत होती. अजून खेळ सुरूच व्हायचा होता, आणि यांनी मिरवणूक काढली होती! पायांना जाडजूड पांढरे पॅड, पांढरी पँट, कपाळावर वळणदार केसांची झुलपी. झुलपी नवी होती. हसणंही नवं होतं, तंबूकडे तोंड करून हसायचं. पण कान तेच होते, जरासे पुढे आलेले. त्या कानांत तिनं किती वेळा कोमट तेल टाकलं होतं. तिनं झोळीतून मोतीला उचललं, तिचं नाक पुसलं, टोपडं नीट केलं आणि दोन पावलं पुढे झाली.

मिरवणूक ट्रकच्या बाजूनंच आली. उत्तमसिंगनं तिला पाहिलं. नीट पाहिलं. आधी फेटियाचे आरसे, मग तिचा चेहरा, मग मोती. तेवढ्या वेळात त्याचं हसणं ओठावरच वाळलं.

खालून कुणीतरी म्हणालं, "अबे राठोड, हे लमानीन तुलेच पाहून राह्यली ना बे! ओयखीची हाय का?"

"ती?" उत्तमसिंग वरून म्हणाला. शुद्ध, घडीच्या मराठीत म्हणाला. "ती ड्रायव्हरची बायको आहे."

मिरवणूक पुढे गेली.

खोटं असं त्यात एक अक्षर नव्हतं. ती ड्रायव्हरची बायको होतीच की. खोटं बोलला असता तर तिनं त्याची चामडी सोलली असती. पण त्यानं खरंच बोलून तिला बाजूला सारली होती, नीट, शहाण्यासारखी. कॉलेजात हेच शिकवत असतील, तर पैसा वाया जात नव्हता म्हणायचा.

धावजी बॉनेटला टेकून विडी ओढत होता. त्यानं ऐकलं होतं. "चाल," तो म्हणाला. "मी तुले एष्टीवर सोडून देतो."

"कायले?" ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा ठक्क होता. "आलो तं पाहून जाऊ. कॉलेजवाले काय काय करतात ते."

मग तिनं हॉकीचा सामना पाहिला. कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, की तो असा असतो: कवठाएवढा एक कडक गोळा, आणि त्याच्यामागे वाकड्या काठ्या घेतलेले चांगल्या घरचे बावीस जण. तांड्यात हे काम एका कुत्र्यानं केलं असतं, आणि गोळा परत आणूनही दिला असता. मधे एक माणूस शिट्टी वाजवत पळतो. त्यानं शिट्टी वाजवली की सगळे थांबतात, भांडतात, पुन्हा पळतात. आणि कडेला उभे असलेले लोक, ज्यांना कुणी मारत नाही, ज्यांच्या नडगीला काठी लागत नाही, ते मारल्यासारखे किंचाळतात.

मगन तर पाहण्यासारखा होता. तो रेघेच्या बाहेर उभा राहून आतल्यांना शिकवत होता. "पास दे! पास दे बे!" पास दिला तर, "काहून देल्ला!" त्याच्या गळ्याच्या शिरा सुतळीसारख्या ताठल्या होत्या. खेळणाऱ्याला जेवढा घाम नव्हता तेवढा त्याला होता.

मधल्या सुट्टीत खेळणाऱ्यांना संत्र्याच्या फोडी वाटल्या. त्या आधी सपोर्टरांनीच खाल्ल्या.

उत्तमसिंग आपल्या त्या दोन खांबांमध्ये उभा होता. चेंडू आला की अंग टाकायचा, पायानं उडवायचा. दोनदा त्यानं चांगला अडवला. दोनदा त्याच्या नावाचा गजर झाला. दोनदा लालीबाईचे हात नकळत उचलले गेले आणि तिनं ते मोतीचं टोपडं सावरायला लावले. तिला स्वतःचाच राग आला. ड्रायव्हरच्या बायकोला काय करायचंय, कोण अडवतो आणि कोण नाही!

खेळ संपत आला तरी गोल कुणाचाच नव्हता. आणि मग तो गोल झाला. मोठा हल्ला नव्हता, झटापट नव्हती. यवतमाळच्या एका किडकिडीत पोरानं लांबून, जरा कंटाळूनच, चेंडू ढकलला. चेंडू रमतगमत आला. उत्तमसिंग वाकला. चेंडू त्याच्या दोन पायांमधून, दोन जाडजूड पॅडांच्या मधून, तसाच रमतगमत आत गेला. तो वाकलेला तसाच राहिला, आपल्या पायांमधून मागे पाहत.

शिट्टी झाली. थोड्या वेळानं शेवटची शिट्टीही झाली.

आता लालीबाईनं पाहिलं, की पाठीशी असणं म्हणजे काय. पंचवीस जण एका दमात फिरले.

"अबे, म्हैस निघून गेली असती इतकी जागा ठेवली त्यानं!"

"झोपला होता का बे?"

मगनचा आवाज सगळ्यांच्या वर होता. सकाळपासून ताणलेल्या त्याच शिरा, तोच घसा. "लमान्याले गोलात उभा केल्यावर काय होनार? बैलं राखाले सांगा त्याले, बैलं!"

सकाळी ज्या खांद्यांवर तो बसला होता, ते खांदे झटकत पोरं ट्रककडे येऊ लागली. खेळणारे दहा जण एका बाजूला घोळका करून बसले. त्यांनी उत्तमसिंगला काही म्हटलं नाही, पण सरकून जागाही दिली नाही. तो एकटा खांबापाशी पॅडचे पट्टे सोडत राहिला. पट्टे सोडायला एवढा वेळ लागत नाही. मान वर करून बघावं असं कुठलं तोंड त्याला उरलं नव्हतं, म्हणून तो पट्टेच सोडत होता.

"आता कसं," लालीबाई म्हणाली. तिला बरं वाटायला हवं होतं. चांगलं बरं वाटायला हवं होतं. तिनं मोतीला झोळीत टाकलं, पुन्हा काढलं, पुन्हा टाकलं.

शेवटी तो उठला. पॅड हातात लोंबकळत होते. तो तंबूकडे गेला नाही, संघाकडे गेला नाही. सगळ्या मैदानातून, दोन्हीकडच्या लोकांसमोरून, तो सरळ कडुलिंबाकडे चालत आला आणि तिच्यापुढे उभा राहिला. झुलपी घामानं कपाळाला चिकटली होती. त्यानं पॅड खाली ठेवले.

"बाई," तो म्हणाला. तांड्याच्या बोलीत. आणि त्यानं मान खाली घातली. लहानपणी कान दुखला की घालायचा तशी नव्हे. गळाभेटीला घालतात तशी.

मागे मगनची टोळी ट्रकला टेकून उभी होती. संघ बघत होता. यवतमाळवाले बघत होते.

लालीबाईनं त्या मानेकडे पाहिलं. सकाळी हीच मान खांद्यावरून खाली वळली होती. "काय हो साहेब," ती वऱ्हाडीत म्हणाली, हात जोडून. "कोन तुमी? मी तं ड्रायव्हरची बायको हाय."

तो हलला नाही. मानही वर केली नाही.

"रडू नको म्हने ना मी? लोक असतात म्हने?"

तो तसाच. फक्त त्याचे ते पुढे आलेले कान लाल झाले होते.

तिनं मोतीला धावजीच्या हातात दिलं. मग भावाच्या गळ्यात दोन्ही हात टाकले, बलिया खळखळल्या, आणि ती रडली.

असं रडणं त्या मैदानावर कुणी ऐकलं नव्हतं. आधी लांब, उंच सूर, तांड्याच्या पलीकडच्या टेकडीवरून कुणाला हाक घालावी तसा. मग तो सूर खाली येत येत शब्दांत शिरला. शब्द सगळे गोरबोलीतले. तिथं ते तिघांनाच कळत होते. ते असे होते:

अरे माझ्या भावा, तुझ्या केसांना तेल किती, त्यावरून तुझी अक्कल घसरून पडली रे. तुझी आई वाटेकडे पाहून आंधळी व्हायची बाकी राहिली, आणि तू खुर्च्यांकडे पाहून हसत होतास रे. जन्मलेल्या भाचीला मामा नाही, मामा आहे तो लोकांच्या खांद्यावर आहे रे. बैलाच्या खांद्यावर भरवसा ठेवावा, मगनच्या खांद्यावर ठेवू नये, एवढं तुला कॉलेजनं शिकवलं नाही रे...

ताशा थांबला. डबे थांबले. दोन्हीकडचे लोक जवळ आले.

"काय झालं? कोनी गेलं का?" यवतमाळच्या कुणीतरी हलकेच विचारलं.

मगननं डोक्यावरचा रुमाल काढला. त्याचा चेहरा पडला होता. "आमी हारलो ना," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तिले सहन नाई झालं. पाहा बे, याले म्हनतात सपोर्टर! आपल्याले तरी लागलं का इतकं?"

पोरांनी माना खाली घातल्या. एकेकानं रुमाल काढले.

...लाकडाच्या गोळ्यामागे वेडे धावले, आणि वेड्यांचे वेडे कडेला ओरडले रे. त्या जाड्याला पाहा, शेठचा पोरगा, सकाळी तुला वाघ म्हणाला, दुपारी बैल म्हणाला, आता रुमाल काढून उभा आहे, त्याला वाटतं मी त्याच्यासाठी रडते रे...

मगननं नाक ओढलं.

...दोन पाय तुझे, भावा, आणि मधे एवढी वाट! त्या वाटेनं गोळा गेला, आई गेली, बहीण गेली, सगळं गेलं आणि तू वाकून बघत राहिलास रे...

धावजीनं मोतीच्या पोटात तोंड खुपसलं होतं. त्याचे खांदे गदगदत होते. लोकांना वाटलं, तोही रडतोय. तंबूतल्या दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. चष्मेवाल्यानं चष्मा काढला. पुसदच्या संघाबरोबर आलेले खेळाचे सर पुढे झाले, लालीबाईच्या बाजूला अदबीनं उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, उगी. शांत व्हा. खेळात हारजीत व्हायचीच."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिला आणखी एक कडवं सुचलं होतं, सरांच्या ढेरीवर. पण ते ओठाशी आलं आणि सूरच तुटला. भावाच्या खांद्याचं हाड तिच्या गालाला लागत होतं. मेसमध्ये याला धड खायला तरी घालतात का? तिच्याही मनात नव्हतं ते रडू मग आलं. बिनशब्दाचं, बेसूर. ते मात्र थोडंच होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

ती थांबली. उत्तमसिंगनं मान वर केली. रिवाजाप्रमाणे तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"राठोड," सर म्हणाले, "या बाई कोण?"

उत्तमसिंगनं एकदा सरांकडे पाहिलं, एकदा संघाकडे. लालीबाईनं डोळेही पुसले नाहीत. सांगायचं त्याचं काम होतं.

"माझी मोठी बहीण आहे, सर."

"अबे!" मगन ओरडला. "तू तं म्हने ड्रायव्हरची बायको!"

"तेबी हायच," उत्तमसिंग म्हणाला. त्याची घडीची मराठी मोडली होती, आणि ती पुन्हा घालण्याच्या भानगडीत तो पडला नाही.

परतीला तो एष्टीनं गेला नाही. संघानं फारसा आग्रहही केला नाही. तो केबिनमध्ये बसला, लालीबाई मधे, मोती तिच्या मांडीवर. धावजी रस्ताभर मधूनच "वेड्यांचे वेडे" म्हणायचा आणि फुस्सकन हसायचा. उत्तमसिंग पहिल्यांदा हसला नाही, दुसऱ्यांदा हसला. मागच्या हौद्यात दारव्ह्यापर्यंत सुतक होतं. दारव्ह्याला भजी खाल्ल्यावर सुतक फिटलं. मगन केबिनच्या खिडकीशी आला आणि हात जोडून म्हणाला, "ताई, मले माफ करा, मी रागात बोललो. पुढच्या महिन्यात अकोल्याले मॅच हाय. तुमी याच. तुमी नुसत्या मैदानात उभ्या राह्यल्या तरी हिंमत येईन पोराईले."

"हारनार असान तं सांगजा," लालीबाई म्हणाली. "येतो."

मगनला ते फार लागलं. मनाला लागलं, चांगल्या अर्थानं. तो मागे जाऊन पोरांना सांगू लागला, ताई काय म्हणाल्या ते.

ट्रक सुटल्यावर तिनं मोतीला उचलून उत्तमसिंगच्या मांडीवर ठेवलं. तो अवघडला. त्याला पोर धरता येत नव्हतं. मोतीनं त्याच्याकडे एकटक पाहिलं, त्याच्या शर्टाचं बटण पकडलं आणि तोंडात घालायला खाली वाकली. त्यानं दोन्ही हातांचं कुंपण करून तिला धरलं आणि पुढच्या वाटेत तो जो बसला, तो हाललाही नाही. धावजीनं खड्डे चुकवत गाडी चालवली. दुपार कलली तेव्हा रस्त्याकडेच्या तुरी पिवळ्याधमक दिसत होत्या, आणि मोती मामाच्या शर्टाचं बटण तोंडात ठेवूनच झोपली.

दिग्रस जवळ आलं. लांबून जिनिंगचं धुराडं दिसलं. उत्तमसिंग चुळबुळला.

"भाऊजी," तो म्हणाला, "जिनिंगच्या वळनावर थांबवा ना जरा. मी तिथूनच जातो."

"स्टँड पुढं हाय," धावजी म्हणाला. "पुसदची एष्टी तिथून लागते तुले."

"चालत जाईन. स्टँडवर... सारे उभे असतीन ना. कॉलेजचे, इथून रोज पुसदले येजा करनारे. निकाल ऐकाले."

लालीबाईनं त्याच्याकडे पाहिलं. म्हणजे एवढं रडून झालं, तिथं मैदानात, जिथले बहुतेक लोक पुन्हा दिसायचे नाहीत. आणि जिथं रोज दिसायचे, तिथं वळणावर उतरायचं. हारल्यावर बहीण आठवली, आणि घर जवळ आल्यावर पुन्हा लोक आठवले. तिला राग आला नाही. राग यायला माणूस तेवढा मोठा लागतो. तिला त्याची कीवही आली नाही. वाईट बी निघालं तर शेतकरी जसा मूठ उघडून बघतो, तशी ती त्याच्याकडे बघत राहिली.

"थांबवू नका," ती धावजीला म्हणाली.

"बाई..."

"पोरगी निजली हाय. उचलली तं उठीन."

वळण आलं. धावजीनं गिअर बदलला नाही. जिनिंगचं फाटक मागे गेलं, तेलघाणी मागे गेली. उत्तमसिंगनं मोतीकडे पाहिलं. तिच्या मुठीत बटण होतं, मूठ घट्ट होती. तो तिला बाजूला ठेवू शकला असता. लालीबाईनं हात पुढे केले नाहीत.

स्टँडवर घोळका होताच. ट्रक दिसताच पोरं धावत आली. मागची पंचवीस नरडी पुन्हा जागी झाली, सगळे एकदम सांगू लागले. दोन-तीन जण केबिनच्या दारापाशी आले. त्यांतल्या एकानं दार उघडलं आणि तिथंच थांबला.

"काय बे राठोड? काय झालं मॅचचं?"

"हारलो. माह्या पायातून गेला गोल."

"आन हे कोनाचं लेकरू घेऊन बसला?"

मोती जागी झाली. तिनं बटण सोडलं आणि इतकी अनोळखी तोंडं पाहून ओठ काढला. उत्तमसिंगनं तिला उचलून खांद्याशी धरलं, चुकीचंच धरलं, पण धरलं. तिची लाळ त्याच्या कॉलरवर पसरली.

"भाची हाय माही," तो म्हणाला. "सरक बे. बाईले उतरू दे."